पोशाखावरून पेशा आणि काळ: घरातले जुने फोटो कसे वाचावेत

कोल्हापूरच्या जुन्या घरांत सोप्याच्या भिंतीवर एक तरी फोटो असा असतो, की त्यातले गृहस्थ आपले कोण लागतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण ते काय काम करत होते यावर घरात दोन मतं असतात. थोरल्या काकांच्या मते ते पोलिसात होते, आत्याच्या मते पलटणीत. मागे तारीख नसते, विचारावं असं माणूस उरलेलं नसतं. अशा वेळी अंगावरचे कपडे हाच सगळ्यात मोठा पुरावा. फक्त तो क्रमाने वाचावा लागतो. पहिल्या नजरेत 'खाकी दिसली म्हणजे पोलीस' असं ठरवलं की पुढचं सगळं चुकत जातं.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा. कापड फक्त 'फोटो याच्या आधीचा नाही' एवढंच सांगतं. १९२५ साली शिवलेला लांब कोट १९५५ सालीही घालता येतो, आणि आपल्याकडे चांगला कोट लग्नाकार्यात दोन पिढ्या वापरला जात असे. पण सरकारने, संस्थानाने किंवा कंपनीने दिलेली वस्तू, म्हणजे बिल्ला, पट्ट्याचं बक्कल, टोपीवरचं चिन्ह, खांद्यावरची अक्षरं, ही दोन्ही बाजूंनी काळ बांधून देते. ती कधी सुरू झाली हे कळतं आणि कधी बंद झाली हेही. शिवाय कोट उसना मिळतो, बिल्ला मिळत नाही. म्हणून पाहताना आधी धातू, मग कापड.

तयारी

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, मऊ पेन्सिल (२बी), सुती हातमोजे आणि शक्य असेल तर स्कॅनर, एवढं पुरतं. पोस्टकार्डाएवढा किंवा त्याहून मोठा फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा, त्याहून लहान असेल तर १२०० वर. व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रतीवरून कधीही निष्कर्ष काढू नका. तिथे फोटो दाबून लहान होतो आणि सगळ्यात आधी बक्कलावरची अक्षरं जातात.

फोटो फ्रेममध्ये असेल आणि काचेला चिकटलेला दिसत असेल तर तो ओढून काढू नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल धरून मऊ पडतो आणि वाळताना काचेला धरतो. ओढलं की चेहराच काचेवर राहतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात भिजलेल्या अनेक फोटोंची हीच गत झाली. असा फोटो काचेतूनच टिपा. कॅमेऱ्याच्या मागे काळं कापड धरून उभे राहा, म्हणजे तुमचं प्रतिबिंब पडणार नाही, आणि उजेड बाजूने येऊ द्या. ओल्या फडक्याने फोटो पुसायचा नाही, कोरड्यानेही घासायचा नाही.

मग बॅटरी जवळजवळ आडवी धरून पुठ्ठ्याच्या खालच्या कडेवर उजेड टाका. स्टुडिओचा उठावाचा शिक्का समोरच्या उजेडात दिसत नाही, तिरक्या उजेडात वाचता येतो.

आता माप घ्या. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, साधारण १०८ × १६५ मिमीचा फोटो म्हणजे कॅबिनेट कार्ड. हा प्रकार १८६६ च्या सुमारास आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत मागे पडला. मागे पत्त्यासाठी रेघा छापलेला, साधारण ८८ × १३८ मिमीचा फोटो १९०० च्या नंतरचा. नागमोडी कातरलेली कड असेल तर बहुधा १९३० ते १९६० च्या दशकांतला. हे माप आधी घेण्याचं कारण असं, की पुढे कपड्यांवरून काढलेला काळ कागदाच्या काळाशी जुळला नाही तर दोन शक्यता उरतात. एक तर तुमचं वाचन चुकलं, नाही तर हातातली प्रत जुन्या फोटोवरून नंतर काढलेली आहे. दुसऱ्या शक्यतेत कडा पुसट दिसतात आणि मूळ पुठ्ठ्याची सावली किंवा टाचण्यांच्या खुणा फोटोच्या आत उमटलेल्या असतात.

काळ्या-पांढऱ्या फोटोतले रंग

पेशाच्या पोशाखात रंगाला मोठा अर्थ असतो, आणि जुना फोटो नेमका तिथेच फसवतो. सुरुवातीच्या काचेच्या निगेटिव्ह फक्त निळ्या उजेडाचीच नोंद घेत. नंतरच्या 'ऑर्थोक्रोमॅटिक' फिल्मला हिरवा-पिवळा कळू लागला, लाल मात्र कळत नव्हता. त्यामुळे त्या काळच्या फोटोत लाल आणि भगवं जवळजवळ काळं उमटतं आणि निळं फिकट, कधी पांढरंच दिसतं. सगळे रंग बऱ्यापैकी खरे पकडणारी 'पँक्रोमॅटिक' फिल्म १९२० च्या दशकापासून हळूहळू रुळली आणि गावोगावच्या स्टुडिओंत आणखी उशिरा पोचली.

म्हणून फोटोत 'काळा फेटा' दिसला तर तो काळा होता असं लिहू नका. तो लाल किंवा भगवा असण्याचीच शक्यता जास्त. बिल्ल्यामागची लाल फीत काळी दिसेल. निळा सदरा पांढरा दिसेल आणि तुम्ही त्या माणसाला रुग्णालयात नेऊन बसवाल.

फिल्म कोणती हे ठरवायला ओठ पाहा. ओठ अनैसर्गिक काळे, त्वचा सावळी आणि डागाळलेली, बाहेरचा फोटो असल्यास आभाळ कोरं पांढरं, अशा तीन खुणा एकत्र आल्या तर फिल्मला लाल दिसत नव्हता असं धरायला हरकत नाही. एकट्या कुंकवावर विसंबू नका. पिंजर गडद असेल तर ती कुठल्याही फिल्मवर काळी येते.

हाताने रंगवलेले फोटो आणखी फसवे. कोल्हापूर ही चित्रकारांची नगरी, इथे फोटोवर रंग भरणारे हात कसबी होते. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर ज्या गावात घडले तिथे साध्या स्टुडिओचा पडदासुद्धा देखणा असायचा. पण त्या रंगाला पुरावा मानू नका, रंगवणाऱ्याने कोट न पाहताच रंग निवडलेला असू शकतो. आणि १९७०-८० च्या दशकांतले रंगीत फोटो आज तांबूस झालेले असतील तर त्याचं कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. तिथली गुलाबीसर पँट खाकी असू शकते. त्याच फोटोतली नक्की पांढरी असलेली वस्तू शोधा, तिच्यावर किती लाली चढली आहे ते पाहा आणि तेवढी मनातून वजा करा.

उलटा छापलाय का?

काचेची निगेटिव्ह पालथी ठेवून छापली की डावं उजवं होतं. मग तलवार भलत्या बाजूला, पदकं भलत्या छातीवर आणि अक्षरं वाचता येत नाहीत. तपासणी सोपी आहे. पुरुषाच्या शर्टात आणि कोटात डावी पट्टी उजव्या पट्टीवर येते, वरचा खिसा डाव्या छातीवर असतो आणि पदकंही डावीकडेच लावतात. तिन्ही उलटं दिसलं तर स्कॅन आडवा फिरवून घ्या. बाराबंदी आणि अंगरख्याचे बंद मात्र या कामी वापरू नका, ते दोन्ही बाजूंना बांधलेले सापडतात.

डोक्यापासून सुरुवात

आपल्याकडे फार काळ माणसाची ओळख डोक्यावर असे. पगडी आणि फेटा यांतला फरक आधी शिकून घ्या. पगडी घडवून, शिवून तयार असते, तिच्या घड्या काटेकोर आणि कायमच्या. फेटा रोज नव्याने बांधायचा. कोल्हापुरी फेट्याला साधारण ८ ते ९ मीटर कापड लागतं, वर तुरा आणि मागे शेमला. रुमाल त्याहून आटोपशीर आणि चापून बसवलेला.

पगडी किंवा लांबरुंद रुमाल, बंद गळ्याचा लांब कोट, उपरणं, धोतर आणि पायात जोडे ही एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या आणि विसाव्याच्या पहिल्या दशकांतल्या कारकुनाची, मास्तरांची आणि वकिलांचीही वेशभूषा होती. म्हणजे तिघे एकसारखेच दिसतात! इथे कपडे थांबतात. हातात काय आहे, टेबलावर कुठली पुस्तकं आहेत, सोबत कोण बसलंय याकडे वळावं लागतं.

कचेरीचा सामूहिक फोटो कोल्हापूरचा असेल तर सगळी डोकी एकेक करून पाहा. २६ जुलै १९०२ च्या जाहीरनाम्याने शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या. त्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंत एकाच रांगेतली पागोटी सारखी आहेत की वेगवेगळी, हे बघण्यासारखं आहे. तरीही एका डोक्यावरून एका माणसाची जात ठरवू नये. फोटोसाठी फेटा बांधून देणारा एकच माणूस असला तर सगळ्यांची बांधणी सारखी दिसते.

पांढरी गांधी टोपी १९२० च्या असहकाराच्या सुमारास सर्वत्र झाली. ती दिसली की त्या आधीचं साल बाद करा. काळी टोपी मात्र फार मोठ्या काळात चालली, तिच्यावरून काही ठरत नाही. उघडं डोकं, तेही स्टुडिओतल्या ठेवणीतल्या फोटोत, हे पुढच्या पिढीचं लक्षण.

खाकी: इथे सगळ्यात जास्त घोळ होतो

खाकी वापरायला सुरुवात केली ती १८४६ साली पेशावरला उभ्या राहिलेल्या 'गाइड्स' पलटणीने, हॅरी लम्सडेन या इंग्रज अधिकाऱ्याच्या हाताखाली. लालभडक डगल्यात शिपाई दुरून दिसतो आणि धुळीत तो डगला मळतो, खाकीत या दोन्ही अडचणी सुटतात. पुढे फौजेतून ती पोलिसात, पोस्टात, जंगल खात्यात, मोटार हाकणाऱ्यांत आणि कचेरीच्या शिपायांत उतरली. त्यामुळे खाकी हा पेशा नाही, ती नुसती सुरुवात आहे. पुढचा क्रम धरा.

पहिल्यांदा बक्कल आणि टोपीचं चिन्ह. त्यावर राजमुकुट असेल तर फोटो २६ जानेवारी १९५० च्या आधीचा. त्यानंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. भिंगातून पाहताना लक्षात ठेवा, मुकुटाचा माथा गोल कमानींचा असतो, सिंहांची आकृती उभट आणि खाली चौथरा असलेली. बिल्ल्यावर करवीर किंवा कोल्हापूर संस्थानाचं नाव असेल तर आणखी बरं, कारण संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. 'महाराष्ट्र' हा शब्द सरकारी बिल्ल्यावर असेल तर १ मे १९६० च्या आधी जाता येत नाही.

मग पाय. गुडघ्याखाली कापडाची पट्टी गुंडाळलेली आणि वर अर्धी किंवा गुडघ्याशी आवळलेली पँट ही पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या शिपायाची ओळख. त्या गुंडाळलेल्या पट्ट्या दुसऱ्या महायुद्धात मागे पडल्या आणि घोट्यापुरते छोटे गेटर (बुटावरून घोट्याभोवती बांधायची पट्टी) आले. आपल्या पोलीस शिपायाची अर्धी पँट मात्र कितीतरी पुढे टिकली, १९८० च्या आसपास ती पूर्ण लांबीची झाली. म्हणून अर्धी खाकी पँट दिसली की लगेच 'इंग्रजांच्या काळातला' म्हणू नका. तो फोटो १९७५ चा असू शकतो.

तिसरं, बाही आणि खांदा. फौजेत एक फीत लान्स नाईक, दोन नाईक, तीन हवालदार. पोलिसातही हवालदाराला तीन. पोलिसात खांद्यावर दोन तारे आणि खाली लाल-निळी फीत असेल तर उपनिरीक्षक, तीन तारे आणि तीच फीत असेल तर निरीक्षक. काळ्या-पांढऱ्या फोटोत ती फीत दोन वेगळ्या छटांची दिसेल, तेवढं पुरे. घरच्या कागदात फौजेतला हुद्दा 'जमादार' लिहिलेला असेल तर तो १९६५ च्या आधीचा, कारण त्या साली फौजेत त्या हुद्द्याचं नाव नायब सुभेदार झालं. पोलिसातही जमादार म्हणत, म्हणून हा नियम फौजेचा आहे हे आधी पक्कं करा.

चौथं, पदकं. टोकं मोजा. चार टोकांची चांदणी आणि तिच्यावर आडव्यातिडव्या दोन तलवारी असतील तर पहिलं महायुद्ध. सहा टोकांची चांदणी असेल तर दुसरं. पदक घरात असेल तर त्याची कड फिरवून पाहा. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव आणि पलटण कोरलेली असते. एवढ्या एका ओळीने घरातला वाद मिटतो. पदकाला पितळ पॉलिश लावू नका, कडेवरची अक्षरं झिजतात.

फौजेचा पोशाख स्वातंत्र्यानंतर खाकीवरून गर्द हिरव्याकडे गेला. काळ्या-पांढऱ्या फोटोत दोन्ही राखाडीच, म्हणून तिथे रंगावर न जाता चिन्हावरच जावं.

बाकीच्या खाकीवाल्यांची ओळख हातातल्या वस्तूंवरून पटते. एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर धावली, म्हणजे खांद्याला चामडी पिशवी, हातात तिकिटांचा ट्रे आणि छातीवर बिल्ला अशा एसटी कंडक्टरचा फोटो त्या आधीचा असणार नाही. ट्रेऐवजी तिकीट छापणारं यंत्र दिसलं तर तो बराच अलीकडचा. पोस्टमनच्या बगलेत झोळी, कमरेला हत्यार नाही. होमगार्ड मुंबई इलाख्यात ६ डिसेंबर १९४६ पासून, एनसीसी १९४८ पासून. या शेवटच्या दोघांमुळे फार गोंधळ होतो. कॉलेजातला मुलगा एनसीसीच्या गणवेशात उभा असतो आणि घरात 'मिलिट्रीत होते' अशी कथा तयार होते. वय अठरा-वीस, छातीवर एकही पदक-फीत नाही, खांद्यावर अक्षरं आहेत पण पलटणीचं नाव नाही, असं असेल तर कॉलेजच्या नोंदी आधी तपासा.

काळा कोट

काळ्या कोटात चार जण लपलेले असतात: वकील, पदवीधर, रेल्वेचा तिकीट तपासनीस आणि स्टुडिओतला उसना कोट घातलेला कुणीही.

वकिलाची खूण म्हणजे गळ्याखाली लोंबणाऱ्या दोन छोट्या पांढऱ्या पट्ट्या, म्हणजेच बँड. आज लागू असलेले पोशाखाचे नियम १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली आले आहेत. पुरुषांना काळा बंद गळ्याचा कोट, अचकन, चपकन किंवा शेरवानी, नाहीतर उघड्या गळ्याचा काळा कोट, पांढरा शर्ट, पांढरी कॉलर आणि बँड. स्त्रियांना काळं पूर्ण बाह्यांचं जाकीट किंवा ब्लाउज, पांढरी कॉलर आणि बँड, त्यासोबत पांढऱ्या, काळ्या किंवा सौम्य रंगाची बिनछापाची साडी, किंवा पांढरा अथवा काळा सलवार-कुर्ता. जिल्हा आणि सत्र न्यायालयाखालच्या कोर्टांत बँडऐवजी काळा टाय चालतो. म्हणून बँड नाही एवढ्यावरून 'वकील नव्हते' असं म्हणता येत नाही, तालुक्याच्या कोर्टात आयुष्य गेलेला वकील टायमध्ये दिसेल. गाउन उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात सक्तीचा, इतरत्र ऐच्छिक. उन्हाळ्यात खालच्या कोर्टांत कोटाचीही सक्ती नसते, त्यामुळे एप्रिल-मे मधल्या फोटोत नुसता पांढरा शर्ट आणि बँड दिसू शकतात. मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागलं. तेव्हापासून इथल्या वकिलाला गावातच रोजच्या कामासाठी गाउन लागू लागला, ही नोंद पन्नास वर्षांनी फोटो वाचणाऱ्याच्या उपयोगी पडेल.

पदवीधराचा गाउन वेगळा. त्याच्या पाठीवरून खांद्यावर रंगीत अस्तराची झूल येते, हातात गुंडाळी असते, कधी डोक्यावर चौकोनी टोपी. गळ्याखाली बँड नसतात. राजाराम कॉलेज १८८० चं, पण पदवी मुंबई विद्यापीठाची. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं. शाहू महाराजांना १९०२ साली केंब्रिजने एलएल. डी. ही मानाची पदवी दिली, त्यामुळे त्या काळी कोल्हापुरात गाउनचं कौतुक मोठं होतं. 'आजोबा बॅरिस्टर होते' असं ज्या फोटोवरून सांगितलं जातं, त्यात झूल आहे की बँड आहेत हे भिंगातून एकदा बघाच.

तिकीट तपासनिसाचा काळा कोट, खाली पांढरी पँट आणि छातीवर धातूचा बिल्ला. कोल्हापूरला रेल्वे १८९१ साली आली, त्या आधीचा प्रश्नच नाही. हमालाचा सदरा लाल, पण जुन्या फिल्मवर काळा दिसेल. दंडावरचा पितळी बिल्ला शोधा.

उसना कोट ओळखायला शिवण बघा. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, बाही अंगठ्यापर्यंत आलेली, किंवा उलट बटणांपाशी ताण पडून आडव्या चुण्या. त्याच स्टुडिओच्या दुसऱ्या फोटोत तोच कोट, तीच खुर्ची, तोच घड्याळाचा छडा दिसला की शंका फिटते.

पांढरा

१८८० च्या आधीचे डॉक्टर पांढऱ्या कोटात शोधू नका. शस्त्रक्रियासुद्धा काळ्या कोटात होत. इंग्रज शल्यचिकित्सक जोसेफ लिस्टरने १८६७ मध्ये जंतुनाशक पद्धत मांडली आणि त्यानंतर हळूहळू स्वच्छता दिसावी म्हणून पांढरा रंग आला. रक्ताचा डाग ज्यावर लपत नाही ते कापड हवं, हा त्यामागचा विचार. विसाव्या शतकात ऑपरेशन थिएटरमधला पांढरा जाऊन हिरवा आला, कारण दिव्याच्या झगझगाटात पांढऱ्यावरून डोळे दिपतात. वॉर्डातला पांढरा कोट राहिला.

बाई कुठल्या पेशात होत्या हा प्रश्न घरोघर फार हलका सोडला जातो. रखमाबाई केळवकरांनी कोल्हापुरात मुलींचं शिक्षण सांभाळलं आणि त्यांच्या कन्या कृष्णाबाई डॉक्टर झाल्या. म्हणजे त्या काळच्या फोटोतल्या, पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून टेबलाशी बसलेल्या बाईला नुसतं 'आजी' म्हणून पुढे जाऊ नका. नऊवारी असो की पाचवारी, पदराला खांद्यावर पिन लावली आहे का, बांगड्या कमी आहेत का, घड्याळ कुठे आहे, पायात बूट आहेत का, हे सगळं पाहा. परिचारिकेची खूण कडक खळ घातलेली टोपी आणि पट्टा. शिक्षिकेला गणवेश नसे, तिच्या बाबतीत सोबतच्या मुलींच्या रांगा आणि फळा बोलतात.

गणवेश नसलेले पेशे

इथे कापडाची झीज वाचायची. गुऱ्हाळावरच्या गुळव्याच्या धोतरावर, फौंड्रीतल्या मोल्डरच्या (ओतकामाचे साचे करणाऱ्याच्या) सदऱ्यावर आणि चर्मकाराच्या मांडीवरच्या कापडावर झिजण्याच्या जागा वेगवेगळ्या असतात. ठिणगीने पडलेली भोकं बारीक, गोल आणि कडेला काळी. घासून गेलेलं कापड पांढुरकं आणि विरविरीत.

कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वस्तीतल्या आणि १९०६ साली स्थापन झालेल्या शाहू मिलमधल्या कामगारांच्या फोटोंत एक बदल स्पष्ट दिसतो, तो म्हणजे धोतर जाऊन अर्धी पँट येणं. कारण साधं होतं. एका लांब शाफ्टवरून चामडी पट्ट्यांनी यंत्रं चालत आणि धोतराचा सोगा त्या पट्ट्यात सापडला की माणूस आत ओढला जाई. पुढे आलेला बॉयलर सूट याच विचाराचा. अंगाबरोबर, एकसंध, कमरेला लोंबणारं काही नाही. भट्टीपाशी मात्र सुती कापडच टिकून राहिलं. १९६०-७० च्या दशकांत टेरिलीन आणि टेरिकॉट सगळीकडे गेलं, फौंड्रीत गेलं नाही, कारण ते ठिणगीने वितळून कातडीला चिकटतं. सुती नुसतं जळतं. म्हणून १९७५ च्या एकाच ग्रुपफोटोत ऑफिसातला माणूस इस्त्रीच्या धारेच्या टेरिकॉट पँटमध्ये आणि मोल्डर चुरगळलेल्या सुती सदऱ्यात असेल, तर ते दोन काळ नाहीत, दोन कामं आहेत.

पैलवानाची ओळख कपड्यांनी कमी आणि कानांनी जास्त पटते. वर्षानुवर्षं मातीत घासून कानाची पाळी जाड आणि मोडलेली होते, ते कोटाखाली झाकत नाही. फोटोत माणूस कोट-फेट्यात असला तरी कान बघा. हातात चांदीची गदा असेल तर ती कुस्ती मारल्याची. मागे खासबागेचं कुस्तीचं मैदान ओळखू आलं तर १९१२ नंतरचा फोटो.

फसवणारे तीन प्रकार

कोल्हापुरात सिनेमाचं वेड फार जुनं. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून जयप्रभा स्टुडिओपर्यंत ऐतिहासिक पटांना गर्दी लागायची आणि ती गर्दी गावातलीच असे. त्यामुळे ढाल-तलवार घेतलेला 'सरदार पूर्वज' हा गर्दीतला मावळा असू शकतो. मिशीची कड चिकटवल्यासारखी सरळ, शेजारच्या सगळ्यांच्या ढाली एकाच साच्यातल्या, पायात मात्र रोजचीच चप्पल, अशा खुणा शोधा.

दुसरा प्रकार दरबारी पोशाखाचा. दसरा चौकातल्या सोहळ्यासाठी घातलेला अंगरखा आणि मंदील (जरीचं पागोटं) हा मानाचा पोशाख, कामाचा नव्हे. तिसरा, शाळा-कॉलेजच्या गॅदरिंगचा. त्यात मागे पडद्याच्या घड्या दिसतात.

आकडे जुळवायचे कसे

समजा फोटो ८८ × १३८ मिमीचा, मागे पोस्टकार्डाच्या रेघा. गृहस्थ फेट्यात, बंद गळ्याच्या कोटात, कमरेला पट्टा, पट्ट्यावर संस्थानाच्या नावाचा धातूचा तुकडा, डाव्या मनगटावर घड्याळ. ओठ काळे. आता लिहा: पोस्टकार्ड, १९०० नंतर. मनगटी घड्याळ पुरुषांत पहिल्या महायुद्धापासून रुळलं, म्हणून १९१४ नंतर. संस्थानाचं नाव, १ मार्च १९४९ च्या आधी. फिल्मला लाल दिसत नाही, म्हणून आधीच्या अर्ध्याकडे झुकतं माप. पट्टा आणि धातूचा तुकडा आहे पण हत्यार नाही आणि बाहीवर फिती नाहीत, म्हणजे पोलिसापेक्षा कचेरीचा शिपाई किंवा पट्टेवाला असण्याची शक्यता जास्त. निष्कर्ष: संस्थानच्या नोकरीतले पट्टेवाले, १९१५ ते १९३५ च्या दरम्यान. 'सुमारे' हा शब्द लिहायला लाजू नका.

यानंतर कागद: सेवापुस्तक, पेन्शनचा हुकूम, शाळा सोडल्याचा दाखला. संस्थानकाळातल्या नोकरीसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात खात्याचं नाव आणि दहा वर्षांचा टप्पा घेऊन गेलात तर शोध घेता येतो, नुसतं आडनाव घेऊन गेलात तर हाती काही लागत नाही. पोशाख वाचण्याचा खरा उपयोग तिथेच होतो.

निष्कर्ष फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका. दाबामुळे अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात आणि शाई कालांतराने पाझरते. वेगळ्या कागदावर पेन्सिलीने तीन ओळी लिहा: काय दिसतं, त्यावरून काय ठरवलं, आणि कुठली गोष्ट सापडली तर हे मत बदलेल. तो कागद फोटोसोबत, पण फोटोला न चिकटवता, एकाच पाकिटात ठेवा. पीव्हीसीचं चिकट पाकीट नको, आम्ल नसलेला कागद किंवा पॉलिएस्टरची पिशवी चालेल. फोटो परत भिंतीवर लावायचा असेल तर स्कॅनची प्रत लावा आणि मूळ फोटो कपाटात, जमिनीपासून वरच्या कप्प्यात ठेवा.